कुकर आणि इंधनाची बचत

संसारोपयोगी वस्तू विकत घेताना मनुष्य बहुधा एखादी निकडीची गरज डोळ्यांपुढे ठेवतो. ती गरज भागली म्हणजे खरेदी सार्थकी लागली असे त्याला वाटते. परंतु काही वस्तू अशा असतात की, ज्या हेतूने त्या घरात येतात तो तर त्या साधतातच, शिवाय कोणी न मागितलेला लाभही पदरात टाकतात. प्रेशर कुकर ही अशीच एक वस्तू होय. वरण लवकर शिजावे, सकाळची घाई टळावी, एवढ्याच अपेक्षेने कित्येक घरांत तो आला; कित्येक घरांत तर तो लग्नातील आहेराच्या रूपाने, म्हणजे काहीही अपेक्षा नसताना आला. पुढे गॅसचे सिलिंडर पूर्वीपेक्षा अधिक दिवस पुरते, कोळसा कमी लागतो, असे गृहिणीच्या ध्यानात आले. ही बचत कोठून येते, आणि घरात कुकर असूनही ती कधीकधी हातची का निसटते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उकळते पाणी अधिक तापत नाही

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळी फुटली की, चुलीत कितीही लाकडे सारली किंवा गॅसची ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. जास्त दिलेली सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. खळखळून उकळणाऱ्या पाण्यात डाळ लवकर शिजते हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मंद उकळीचे पाणी व खळखळणारे पाणी ही दोन्ही सारखीच तप्त असतात. दुसरे फक्त लवकर आटते.

आता या आटण्याची किंमत पाहू. १ ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७० कॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे पाणी तापविण्याच्या जवळजवळ आठपट उष्णता ते आटविण्यात जाते. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून शास्त्रात तिला अप्रकट उष्णता म्हणतात. उघड्या पातेल्यातून वर जाणारी वाफ म्हणजे डोळ्यांदेखत उडून जाणारे इंधनच होय.

एका पातेल्याचा हिशेब

समजा, एका घरी रोज उघड्या पातेल्यात वरण शिजविले जाते, आणि ते शिजेपर्यंत अर्धा लिटर पाणी आटून वर आणखी पाणी घालावे लागते. ५०० ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५०० गुणिले ५४०, म्हणजे २,७०,००० कॅलरी, अर्थात २७० किलोकॅलरी उष्णता लागली. स्वयंपाकाचा १ किलोग्रॅम गॅस जळला असता सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. शेगडीतून त्यांपैकी दोनतृतीयांश भांड्यापर्यंत पोहोचते असे धरले, तर उपयोगी पडणारी उष्णता सुमारे ७,३०० किलोकॅलरी होते. या हिशेबाने केवळ वाफ करण्यासाठी रोज सुमारे ३७ ग्रॅम गॅस जळतो. वर्षाच्या ३६५ दिवसांत हा आकडा साडेतेरा किलोग्रॅमपर्यंत जातो. घरगुती सिलिंडरात १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. म्हणजे एका वरणापायी वर्षाकाठी जवळजवळ एक सिलिंडर निव्वळ वाफेच्या रूपाने निघून जाते.

कुकरात ही वाफ कोंडून ठेवली जाते. थोडी वाफ त्यातूनही सुटते, भांडे तापण्यासही उष्णता लागते. म्हणून वरील सर्वच इंधन वाचते असे नाही. उलट, उघडे भांडे दीर्घकाळ चुलीवर राहिल्याने त्याच्या बाजूंवाटे जी उष्णता हवेत जाते, ती आपण हिशेबात धरलेलीच नाही.

कुकरातील दाब

कोंडलेल्या वाफेमुळे बचतीचे दुसरे कारण निर्माण होते. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब वाढला म्हणजे त्याचा उत्कलनबिंदूही चढतो. कुकरातील दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दुप्पट होतो, आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्याप्रमाणे २० अंशांच्या वाढीने शिजण्याचा वेग सुमारे चौपट होतो. तासाभराचे काम पाव तासात उरकते ते यामुळेच.

हा दाब आवरण्याचे काम शिट्टी करते. कुकराच्या झाकणावरील छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचे आहे असे धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर होते. बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम इतका अधिक दाब तेथे रोखून धरण्यास केवळ ७० ग्रॅम वजन पुरते. दाब त्याहून वाढला की वाफ ते वजन उचलते, आवाज करीत बाहेर पडते, आणि दाब उतरताच वजन पुन्हा जागेवर बसते.

पापँचे पात्र

या कल्पनेचा जनक दनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ होय. १६४७ मध्ये जन्मलेल्या पापँने वैद्यकाचे शिक्षण घेतले; पुढे पॅरिसमध्ये हायगेन्झ यांच्या व लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्या हाताखाली त्याने काम केले. १६७९ मध्ये त्याने आपले वाफेचे पात्र रॉयल सोसायटीपुढे मांडले. पात्र फुटू नये म्हणून त्याने तरफेवर वजन टांगलेली सुरक्षा झडप योजिली होती. आजची शिट्टी तिचीच वंशज आहे. १६८२ च्या एप्रिल महिन्यात सोसायटीच्या काही सभासदांनी या पात्रात शिजलेले भोजन घेतले. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत दोन गोष्टींची विशेष नोंद केली: कठीण हाडेही मऊ झाली होती, आणि त्यासाठी ८ औंसांहून, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅमहून, कमी कोळसा लागला होता. इंधनाची बचत ही अशी अगदी पहिल्या प्रयोगापासून नजरेत भरलेली गोष्ट आहे.

आपल्या देशात १९१० मध्ये कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला. त्यात दाब वाढविला जात नसे. परंतु एकावर एक ठेवलेल्या डब्यांत भात, डाळ व भाजी एकाच शेगडीवर वाफेने शिजत. प्रेशर कुकरात डबे लावून वरण व भात एकदम शिजविण्याची जी पद्धत आज घरोघरी आहे, तिच्यातही एका ज्योतीत अनेक पदार्थ हाच लाभ आहे.

डोंगरावरील स्वयंपाक

जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडीत असता त्याच्या सोबत्यांनी बटाटे रात्रभर चुलीवर ठेवले, तरी ते शिजले नाहीत. दोष नव्या भांड्याचाच, असा निर्वाळा त्या सोबत्यांनी दिला! वस्तुतः दोष विरळ हवेचा होता. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे कुकर ही केवळ सोय नसून गरज आहे. कुकरामुळे तेथेही ११४ अंशांच्या आसपास तापमान मिळते.

बचत कोठे निसटते?

कुकर असूनही पुष्कळ घरांत निम्मी बचत वाया जाते, याचे कारण शिट्ट्या मोजण्याची सवय. शिट्टी झाली याचा अर्थ आतील दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला, एवढाच. त्यानंतर ज्योत मोठी ठेवल्याने तापमान वाढत नाही. फक्त वाफ बाहेर जाते, आणि प्रत्येक ग्रॅम वाफेबरोबर पाचशेहून अधिक कॅलरी जातात. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर ज्योत अगदी मंद करावी व शिट्ट्यांऐवजी घड्याळाकडे पाहावे. ज्योत विझविल्यावरही आतील उष्णतेने शिजणे काही काळ चालूच राहते. तेव्हा वाफ घाईने सोडू नये, ती आपोआप जिरू द्यावी. हरभरे, राजमा यांसारखी कडधान्ये रात्री भिजत घातल्यास वेळ आणखी वाचतो.

बचतीच्या नादात सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होता कामा नये. कुकर दोनतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. डाळींना फेस येतो, म्हणून त्या घातल्यास निम्म्यावर थांबावे. छिद्र तुंबलेले नाही हे प्रत्येक वेळी पाहावे, आणि रबरी कडे कडक झाल्यास बदलावे. २०२० मध्ये केंद्र शासनाने घरगुती कुकरांना भारतीय मानक लागू करणारा आदेश काढला. खरेदी करताना मानकचिन्ह अवश्य पाहावे.

खरी किंमत

वस्तूची खरी किंमत दुकानातील पावतीवर संपत नाही. तिच्या वापराचा खर्चही तीत मिळवावा लागतो. ६० वॉटचा जुना दिवा रोज ५ तास जळल्यास वर्षाला सुमारे ११० युनिट वीज घेतो. तितकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा १६ युनिटांत भागवितो. जी वस्तू रोज वापरावयाची आणि जिच्यात उष्णता किंवा वीज खर्च होते, तिच्या बाबतीत हा हिशेब आधी मांडणे शहाणपणाचे होय. आहेरात आलेल्या कुकराने हा हिशेब अनेक घरांना न सांगता शिकविला. तो समजून घेतला, तर दैवयोगाने झालेली बचत पुढे जाणूनबुजून करता येईल.

स्वाध्याय

१. सारख्या आकाराच्या दोन पातेल्यांत प्रत्येकी १ लिटर पाणी घ्या. एकावर झाकण ठेवून व दुसरे उघडे ठेवून, वडील माणसांच्या देखरेखीखाली, दोन्ही सारख्याच मंद आचेवर १५ मिनिटे उकळा. निवल्यावर उरलेले पाणी मोजा. कोणत्या पातेल्यातील पाणी अधिक आटले व किती?

२. आटलेल्या पाण्यापायी किती कॅलरी खर्च झाल्या, ते पाठातील रीतीने काढा.

३. नवे सिलिंडर लावल्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहा. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत मंद करण्याची सवय लावल्यावर पुढचे सिलिंडर किती दिवस पुरते, त्याची तुलना करा.