रुग्णशय्येवरील कात्री

आमच्या खेड्यांत कोणी दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळला, म्हणजे आपण त्याच्या समाचारास जातों, आणि "आतां कांहीं करूं नका, स्वस्थ पडून राहा" असें सांगून परततों. ही सूचना नेहमींच हिताची असते काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. या धड्यांत आपण आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचें उदाहरण पाहूं.

हा प्रथम वकिलाच्या कचेरींत कारकून होता. विशीच्या सुमारास आंत्रपुच्छाच्या विकारानें पडून असतां, वेळ जावा म्हणून आईनें त्यास रंगांची पेटी दिली. पुढें त्यानें कायदाच सोडला. (आजाऱ्याकडे फळें नेणाऱ्या आमच्या भगिनींनीं या आईचीही आठवण ठेवावी.)

खरी कसोटी म्हातारपणीं लागली. १९४१ सालीं, ७१ वर्षांचा असतां, आंतड्यांतील कर्करोगासाठीं लिआँ शहरीं त्याजवर मोठी शस्त्रक्रिया झाली. तो वांचला, तेव्हां मठवासिनी परिचारिका त्यास 'मेलेल्यांतून उठलेला' म्हणूं लागल्या. परंतु पोटाचे स्नायू इतके दुबळे झाले कीं, चित्रासमोर फार वेळ उभें राहवेना.

मग त्यानें दुसरी वाट काढली. मदतनीस कागदांस रंग देत; तो बिछान्यांत किंवा चाकांच्या खुर्चींत बसून मोठ्या कात्रीनें त्यांतून पानें, पक्षी, समुद्रांतील शेवाळ कापी; ते तुकडे त्याच्या सांगण्याप्रमाणें भिंतीवर टाचीत, काढीत, पुन्हां टाचीत. लांब बांबूस कोळसा बांधून तो निजल्या जागेवरून भिंतीवर रेखाटनही करी. हा पोरखेळ आहे, असें म्हणणारे टीकाकार निघालेच.

१९४२ सालीं ज्या तरुणीनें त्याची शुश्रूषा केली, ती पुढें दोमिनिकन सिस्टर झाली. तिच्यामुळें व्हांस येथील छोट्या प्रार्थनामंदिराचें काम त्यानें १९४८ ते १९५१ पर्यंत केलें. निळ्या, हिरव्या व पिवळ्या कांचांच्या त्या खिडक्यांचे नमुने कात्रीनेंच निघाले. तें मंदिर रोमन मंडळीचें आहे, आणि मातीस स्वतः नेमानें उपासनेस जाणारा नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. समर्पणविधीच्या दिवशीं तो आजारामुळें हजरच राहूं शकला नाहीं.

रोगावर इलाज शस्त्रवैद्यांनीं केला, कात्रीनें नव्हे. म्हणून उपदेशकांनीं औषध बंद करण्याचा सल्ला कोणास देऊं नये. आमच्याकडे रंग नसतील, पण गोधडीचे तुकडे व सुईदोरा घरोघर आहेत. आजाऱ्यास आवड विचारावी. नको म्हणाला तर आग्रह धरूं नये.

मातीसचें शेवटचें काम अमेरिकेंतील पोकँटिको हिल्स येथील युनियन चर्चच्या खिडकीचें होतें. तिचा नमुना पुरा करून तो नोव्हेंबर १९५४ मध्यें वारला. खिडकी १९५६ सालीं बसली.