बाटली झाकली, तर चव कळते का?

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा. हिवाळ्यात मेहुण्यांकडे नाशिकला गेलो होतो. त्यांचा आठ-दहा जणांचा गट महिन्यातून एकदा वाईन चाखायला जमतो. त्या दिवशी रेड वाईनच्या पाच बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, वर फक्त १ ते ५ आकडे. पाच नावांची यादी हातात दिली आणि कोणती बाटली कोणती ते लिहायला सांगितलं. माझं एकच नाव बरोबर आलं, मेहुण्यांची तीन. मला सगळ्यांत आवडलेली वाईन सगळ्यांत स्वस्त निघाली. दोन नंबरच्या ग्लासात इतर सगळ्यांना काळ्या मिऱ्यांचा वास आला, मला काही केल्या येईना. ते ब्लॅकबेरी म्हणत होते, मला जांभूळ आठवत होतं. एका ग्लासात तर वाळलेल्या मोहफुलांचा वास आला. तसं म्हटल्यावर सगळे हसले. माझं नाक आणि जीभ कमी पडते का? की हा सगळाच अंदाजपंचे कारभार आहे?

उत्तर : मिऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही स्वतःवर उगाच अन्याय करून घेतला आहे.

शिराझ जातीच्या द्राक्षांच्या वाईनला कधीकधी मिऱ्यांचा वास येतो, तो भास नसतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली त्यामागचं रसायन शोधून काढलं. त्याचं नाव रोटंडोन. आपल्या डब्यातल्या काळ्या मिऱ्यांचा वासही त्याचाच. पण त्याच संशोधनात दुसरी गोष्टही दिसली. वास घेणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला, रोटंडोनचं प्रमाण भरपूर वाढवूनही, काहीच जाणवलं नाही. ही माणसं सर्दीनं बेजार नव्हती की नवखीही नव्हती. त्यांच्या नाकाची घडणच तशी. तुम्ही त्या पाचातले एक असू शकता. घरी मिरे कुटून हुंगून पाहा. तोही वास इतरांपेक्षा फिका वाटला, तर उत्तर मिळालंच. दहाजणांच्या गटात असे एक-दोघे निघायचेच, आणि बाकीचे 'मिरे, मिरे' म्हणायला लागले की तेही माना डोलावतात. तुम्ही वास येत नाही हे कबूल केलंत. चव घेणाऱ्याकडे पहिला गुण हाच लागतो.

आता तुमचं एक आणि मेहुण्यांची तीन. पाच बाटल्यांना पाच नावं १२० प्रकारे लावता येतात. घोटही न घेता, डोळे मिटून नावं लिहिली, तरी त्यातल्या ७६ प्रकारांत निदान एक नाव बरोबर येतं. म्हणजे तुमच्या एका बरोबर उत्तरावरून ना जीभ चांगली ठरते, ना वाईट. तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचे प्रकार मात्र ११ आहेत, शंभरात साधारण नऊ. दहाजणांच्या गटात एखाद्याला निव्वळ नशिबानं तीन साधणं अगदी शक्य आहे. मेहुण्यांनी पुढच्या महिन्यात वेगळ्या पाच बाटल्यांवर पुन्हा तीन ओळखली, तर त्यांना मानायला हवं. लागोपाठ दोनदा नुसत्या नशिबानं तसं घडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे.

स्वस्त वाईन आवडली याची तर लाज वाटायचं कारणच नाही. बाटली झाकतात ती यासाठीच. ओळखण्याची शर्यत ही मागाहून आलेली करमणूक. मूळ हेतू असा की नाव, किंमत आणि देश डोळ्यांआड करायचे आणि ग्लासात जे आहे तेवढ्यावरच बोलायचं. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पॅरिसचं आहे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरिअर नावाच्या इंग्रज वाईन-व्यापाऱ्यानं फ्रान्समधल्या नऊ नामवंत जाणकारांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन लेबलं झाकून ठेवल्या. कॅलिफोर्नियाला तेव्हा कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. निकाल लागला तेव्हा रेडमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ची वाईन पहिली आली आणि बोर्डोची मुतों-रॉथशील्ड १९७० दुसरी. व्हाईटमध्येही कॅलिफोर्नियाच पहिली. परीक्षक सगळे फ्रेंच होते, त्यामुळे पक्षपाताचा आरोप करायलाही जागा उरली नाही. नाशिक, नारायणगाव, अकलूजच्या द्राक्षबागांना जगात जी थोडीफार दारं उघडली, ती उघडायला त्या दिवशी सुरुवात झाली असं मी मानतो. वाईन चांगली करायला फ्रान्सचीच माती लागते, हा समज तिथे मोडला.

तरी जाणकारांना सगळं कळतं, असं यावरून समजू नका. बोर्डोमध्येच, वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. एकच व्हाईट वाईन दोन ग्लासांत दिली, त्यातल्या एका ग्लासात वास नसलेला लाल रंग घातलेला. विद्यार्थ्यांनी त्या लाल केलेल्या व्हाईटचा वास सांगताना रेड वाईनचेच शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला आधीच उत्तर सांगून ठेवलं होतं. म्हणून काही ठिकाणी ग्लासच काळे वापरतात.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यात दरवर्षी वाईनची स्पर्धा होते. रॉबर्ट हॉजसन हे स्वतः वाईन करणारे. आपल्याच वाईनला एका स्पर्धेत पदक मिळतं आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी आयोजकांना राजी करून परीक्षकांच्या तीसेक ग्लासांमध्ये एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा, वेगवेगळ्या जागी, लपवून ठेवायला लावली. तिन्ही वेळा तिला साधारण सारखेच गुण देणारा परीक्षक दहांत एकच निघाला. हा निष्कर्ष २००८ साली छापून आला. परीक्षक लबाड नव्हते. तिसाव्या ग्लासापर्यंत जीभ थकते, आधीच्या घोटाची सावली पुढच्यावर पडते. तुमच्या गटानं पाचच बाटल्या ठेवल्या हे शहाणपणाचंच केलं.

आता मोहफुलं. इथे माझा जीव अडकतो.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲन नोबल नावाच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी १९८४ साली वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधोमध ढोबळ वर्ग, फळं, फुलं, मसाले, लाकूड, माती, आणि कडेला नेमकी नावं. ब्लॅकबेरी, रास्पबेरी, काळी मिरी हे शब्द जगभर पसरले ते बरेचसे या चक्रामुळे. पण त्या चक्रामागची अट फार जण विसरतात. 'छान', 'तालेवार', 'मुलायम' असे शब्द त्यात नाहीत, कारण ते प्रत्येकाच्या मनात वेगळे असतात. प्रत्येक शब्दामागे हुंगता येईल अशी वस्तू हवी. नवख्यांना शिकवताना साध्या वाईनमध्ये खरंखुरं फळ बुडवून ठेवतात आणि सांगतात, हा वास लक्षात ठेव. डेव्हिसमध्ये ब्लॅकबेरी मिळते म्हणून चक्रावर ब्लॅकबेरी आली. तिथल्या रानात मोह असता तर मोहफूल आलं असतं.

आणि तुम्हाला ते आठवावं यात नवल काय? चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुलं टोपलीत वेचायची आणि अंगणात वाळत घालायची. दोन-तीन दिवसांत ती तपकिरी होऊन आक्रसतात आणि त्यांना मनुकांसारखा जड, गोड, किंचित आंबूस वास येतो. उन्हात फार पिकलेल्या द्राक्षांच्या किंवा बरीच वर्षं बाटलीत राहिलेल्या रेड वाईनला असाच सुकलेल्या फळांचा वास येतो. युरोपातला माणूस तिथे मनुका, सुकं अंजीर म्हणेल. तुम्ही मोहफूल म्हणालात, म्हणजे त्याच खुणेवर बोट ठेवलंत. तुरटपणाचंही तसंच आहे. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं पडतं. ते समजावून सांगायला मला पुस्तक लागत नाही. अर्धकच्चं टेंभरू खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या कशा ओढल्यासारख्या होतात, हे आपल्याकडच्या पोरासोरांना ठाऊक असतं. ते टॅनिनच. ब्लॅकबेरी कधी हातात न धरता ब्लॅकबेरी म्हणणाऱ्यापेक्षा तुमचा शब्द खरा आहे. पुढच्या वेळी मूठभर वाळलेली मोहफुलं खिशात घेऊन जा आणि त्या ग्लासाशेजारी ठेवा. हसणाऱ्यांना हुंगू द्या.

हे सगळं पटायला वाईनच हवी असंही नाही. मी हा खेळ पहिल्यांदा शिकलो तो भातावर, तुमसरला मावशीच्या स्वयंपाकघरात. मावशीचं म्हणणं, चिन्नोर मी झोपेतही ओळखेन. आम्ही तीन पातेल्यांत तीन भात शिजवले, चिन्नोर, एचएमटी आणि जय श्रीराम. मावशी पाठ करून बसली. झाकण उघडून वाफ नाकाशी आली तेव्हा तिनं चिन्नोर क्षणात सांगितला. मग तिन्ही भात ताटलीत पसरून पार गार होऊ दिले आणि डोळ्यांवर पदर बांधून एकेक घास भरवला. आता मावशी अडली. दोनदा चावून एचएमटीला चिन्नोर म्हणाली, मग स्वतःच मान हलवली आणि पुन्हा घास मागितला. सुगंधी तांदळाचा वास ज्या रसायनामुळे येतो ते भारी उडतं असतं. गरम वाफेबरोबर ते नाकात शिरतं, गार भातात फारसं उरत नाही. मावशीची जीभ वाईट नव्हती. तिची ओळख नाकात होती आणि आम्ही नाकाचा रस्ताच बंद केला होता.

एचएमटी हे नावही कसं पडलं पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून हे वाण वाढवलं. तेव्हा एचएमटीचं घड्याळ लोकप्रिय होतं, तेच नाव तांदळाला चिकटलं. तांदूळ त्याच्या गुणानं चालला यात शंका नाही. पण चांगल्या मालालाही लोकांच्या ओळखीचं नाव लागतं, आणि एकदा नाव लागलं की जीभ त्या नावाच्या मागून चालू लागते. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाखाली पिशवीत काय भरलेलं असतं, हे गिऱ्हाइकाला पिशवी झाकून ओळखता यायला हवं. मला या खेळाचं मोल वाटतं ते यासाठी.

साकोलीत असा गट जमवायचा असेल, तर चार गोष्टी अनुभवावरून सांगतो. बाटल्या गुंडाळणारा माणूस चव घेणारा नसावा. बुचावरही नाव असतं, तेही काढून ठेवा. सहा पाकिटं करा, पण वाईन पाचच ठेवा. एक वाईन दोन पाकिटांत, कोणाला न सांगता. त्या दोन ग्लासांना ज्याचे गुण सारखे पडतात, त्याचं मत पुढे धरा. ग्लास काचेचाच घ्या. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा मला अभिमान आहे, पण वाईन आंबट असते आणि कल्हई नसलेल्या पितळेत ती ताकासारखी कळकेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलेली रेड वाईन प्यायच्या लायकीची राहत नाही, नुसता अल्कोहोल नाकात जातो. फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाईन असते, ५० मिलिलिटरचे १५ घोटवजा ग्लास होतात, तेवढे दहाजणांना पुरून उरतात. चव घेऊन थुंकायला प्रत्येकाला एक वाटी द्या. जाणकार थुंकतातच, त्यात कमीपणा नाही. गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकलंच पाहिजे.

महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांकडे बाटल्या नेऊ नका. गटातलं कोणी पीत नसेल तर त्यालाही बोलवा आणि भाताची पातेली त्याच्या ताब्यात द्या. नवा चिन्नोर घरात आला की हा खेळ सगळ्या घराला खेळता येतो.

आणि लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकानं 'मिरे' म्हटलं की बाकीच्यांच्या नाकात मिरे शिरतात. सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावरच पाकिटं उघडा.