समुद्रशैवालातील कषाय द्रव्ये

उत्तर अटलांटिकच्या खडकांना चिकटून वाढणारे ॲस्कोफायलम नोडोसम हे तपकिरी शैवाल शत्रूपासून पळू शकत नाही. त्याचे रक्षण फ्लोरोटॅनिन ही द्रव्ये करतात. आपण त्यांना कषायच म्हणू. सागरी गोगलगायी चरू लागल्या की ही द्रव्ये वाढतात व पुढे त्याच गोगलगायी ते शैवाल टाळतात, असे स्वीडनमधील पाविया व टॉथ यांनी २००० साली दाखविले. नुसते कापल्याने मात्र ती वाढली नाहीत! शेजारी चरणे चालू असता पाण्यातून आलेल्या संकेताने अस्पर्शित शैवालही सावध होते.

म्हणून शैवालचूर्ण घेताना केवळ जातीच्या नावावरून कषायत्व गृहीत धरणे आम्हांस मान्य नाही. औषधालयांनी संग्रहस्थान व संग्रहकाळ विचारावा, प्रत्येक खेपेचे टॅनिन तपासावे. आयोडीनची तपासणी वेगळी.