पाणी मुरते कुठे?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे मोठी माणसे म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. एखाद्या व्यवहारात काहीतरी गोम आहे, पण ती सापडत नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या घरी मात्र एकदा खरोखरीचेच पाणी मुरत होते. ते कुठे मुरते हे शोधायला आम्हाला तीन रात्री लागल्या. त्या शोधाची ही हकिकत.

आमच्या घरी पाच माणसे. पाण्याचे बिल दर दोन महिन्यांनी येते. मीटरवरचा एक ‘युनिट’ म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर पाणी. एरवी आमचा वापर ३६ युनिटांच्या आसपास असतो. ३६ हजार लिटरला ६० दिवसांनी भागले की रोजचे ६०० लिटर येतात, आणि पाच माणसांनी भागले की माणशी १२० लिटर. शहरातल्या माणसाला रोज सुमारे १३५ लिटर पाणी लागते, असे आपल्याकडील पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना धरतात. म्हणजे आमचा वापर बेताचाच होता.

त्या वेळी मात्र बिल आले ६६ युनिटांचे, आणि रक्कम तर नेहमीच्या अडीचपट! वापर दुपटीहूनही कमी वाढला, मग रक्कम अडीचपट कशी? पुष्कळ ठिकाणी पाण्याचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. समजा, पहिल्या ४० युनिटांना दर १० रुपये आणि पुढच्या प्रत्येक युनिटाला २० रुपये आहे. मग ३६ युनिटांचे ३६० रुपये होतील, पण ६६ युनिटांचे ४०० अधिक ५२०, म्हणजे ९२० रुपये होतील. म्हणून कारण शोधताना रुपयांकडे पाहू नये, युनिटांकडे पाहावे.

संशयित कोण?

घरात लगेच तर्क सुरू झाले. धाकटा म्हणाला, “मोरीतला नळ गळतो, त्याचाच हा प्रताप.” शेजारी म्हणाले, “मीटरच पळत असणार.” आणि आमच्या आईने भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर ठपका ठेवला. “नळ सोडून ठेवतात, दुसरे काय! पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई पाहू,” ती म्हणाली. मावशींनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, “बाबा, आधी मोजून तर पाहू!”

आणि तिचेच खरे होते. जादा पाणी ३० युनिट, म्हणजे ३० हजार लिटर. ६० दिवसांनी भागले की रोजचे ५०० लिटर. हा आकडा आमच्या हाती लागला आणि प्रत्येक संशयिताला एकच प्रश्न विचारता येऊ लागला: ‘तू रोज ५०० लिटर पाणी घालवू शकतोस का?’

प्रथम गळका नळ. त्याच्याखाली तासभर भांडे ठेवले. २०० मिलिलिटर पाणी जमले. चोवीस तासांचे झाले ४.८ लिटर. दोन महिन्यांत तीनशे लिटरसुद्धा नाही! नळाचा वायसर बदलून टाकला, पण हा काही आपला चोर नव्हे.

मग मावशी. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला तर २० लिटरची बादली तीन मिनिटांत भरते, हे घड्याळ लावून पाहिले. ५०० लिटर म्हणजे २५ बादल्या, म्हणजे ७५ मिनिटे. मावशींचे काम असते अर्ध्या तासाचे! त्यांनी सगळा वेळ नळ पूर्ण उघडा ठेवला, तरी २०० लिटरच्या वर पाणी जाणे शक्य नव्हते. आई गप्प झाली, पण तिचा संशय पुरता गेला नाही.

मीटरची परीक्षा

आता मीटर. पहिल्याने बिलावरचा मीटरचा क्रमांक आणि आकडा प्रत्यक्ष मीटरशी ताडून पाहिला. कधी कधी मीटर वाचणाऱ्याला घर बंद आढळते आणि बिल नुसत्या सरासरीने काढले जाते, तसेही झाले नव्हते.

मीटर लिटर मोजत नाही, तो फेरे मोजतो. पाण्याच्या प्रवाहाने त्यातला लहानसा पंखा फिरतो. पंख्याचे फेरे दातेरी चाकांमार्फत आकड्यांपर्यंत पोहोचतात. काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा काटे त्याचे लहान भाग. शिवाय तबकडीवर एक इवलीशी चांदणी असते, ती थोड्याशा प्रवाहानेही फिरते.

आम्ही लिटरच्या मापाने वीस मापे ओतून बादलीवर खूण केली. सकाळी पाणी आल्यावर मीटरजवळच्या नळावर दहा बादल्या भरल्या. भरले २०० लिटर, मीटरने दाखवले २०२. शंभरात एकाची चूक. चांगल्या मीटरलाही शंभरात दोनपर्यंतची चूक माफ असते. पाणी सुरू होताना नळातून हवा फुरफुरते आणि तीही पंखा फिरवते. तेवढ्यात मीटर ४ लिटर पुढे गेला. पण रोजचे ४ लिटर म्हणजे ५०० नव्हेत. मीटर निर्दोष ठरला.

घराचे तीन भाग

ज्या गावी चोवीस तास पाणी असते, तिथे काम सोपे. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आमच्याकडे पाणी येते सकाळी दोन तास. ते अंगणातल्या हौदात साठते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि टाकीतून नळांना जाते. म्हणून आम्ही वाटेचे भाग पाडले: मीटर ते हौद, हौद, आणि टाकी ते नळ.

पहिला भाग सकाळीच तपासला. पाणी आलेले असताना हौदाच्या तोंडाशी असलेला कॉक बंद केला. मीटरवरची चांदणी जागच्या जागी थांबली. जमिनीखालचा नळ फुटका असता तर ती फिरत राहिली असती.

बाकीचे काम रात्रीचे. दहा वाजता पंप बंद केला. रात्री लागेल तेवढे पाणी बादल्यांत भरून ठेवले आणि कुणीही नळ किंवा फ्लश वापरायचा नाही असे ठरवले. हौदात आणि टाकीत काठी बुडवून पाण्याच्या उंचीच्या खुणा केल्या.

सकाळी सहाला पाहतो, तो हौदातले पाणी होते तेवढेच, पण टाकीतले १६ सेंटिमीटर उतरलेले! टाकीचा तळ १.२५ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद, म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. त्यामुळे एक सेंटिमीटर उंची म्हणजे १० लिटर पाणी. आठ तासांत १६० लिटर, तर चोवीस तासांत ४८०. आपण शोधत होतो ५००! काठीने मोजण्यात थोडी चूक व्हायचीच. चोर सापडला नव्हता, पण त्याच्या पावलांचे माप जुळले होते.

आणि आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. हे पाणी गेले तेव्हा मावशी आपल्या घरी झोपलेल्या होत्या.

दुसऱ्या रात्री टाकीच्या बुडाशी असलेला कॉक बंद ठेवला. पाणी जराही उतरले नाही. म्हणजे टाकीला तडा नाही, पाणी नळांच्या बाजूलाच जाते. तिसऱ्या रात्री तो कॉक उघडला आणि फक्त संडासातल्या फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला. पुन्हा पाणी जागच्या जागी! दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे, हा शास्त्राचा साधा नियम. एकदम सगळे कॉक बंद केले असते तर गळती थांबली असती, पण कुठली ते कळले नसते.

आवाज न करणारा चोर

फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि वीस मिनिटे थांबलो. कुणी फ्लश ओढला नव्हता, तरी कमोडच्या पांढऱ्या भिंतीवरून गुलाबी ओघळ उतरताना दिसू लागला.

टाकीतून पाणी दोन वाटांनी निसटू शकते. फुगा बिघडला तर पाणी वर चढून जादा पाण्याच्या उभ्या नळीतून जाते. तळाचे रबर खराब झाले तर ते खालून झिरपते. यांतले कोणते? टाकीचा कॉक बंद करून ठेवला. फुग्याचा दोष असता तर पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरून थांबले असते. ते थेट तळापर्यंत उतरले. म्हणजे दोष रबराचा. रबर जुने होऊन कडक झाले होते आणि त्यावर क्षारांचा थर बसला होता.

मग इतके दिवस कळले कसे नाही? ४८० लिटरला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. सेकंदाला साडेपाच मिलिलिटर येतात, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा! एवढे पाणी भिंतीला चिकटून आवाज न करता ओघळते. आणि टाकीतले पाणी जरा उतरले की तरंगणारा फुगाही उतरतो, झडप उघडते आणि तेवढेच पाणी आत येते. टाकी सदा भरलेलीच दिसते. टपटपणारा नळ निदान ओरडून सांगतो, हा चोर गुपचूप काम करतो. नाही म्हणायला एक खूण होती. पंप हल्ली रोज जास्त वेळ चालवावा लागत होता. आम्ही ती पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

नवे रबर बसवले. त्या रात्री काठीवरची खूण हलली नाही. पुढचे बिल आले ३७ युनिटांचे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. आमच्या त्या एका रबराने वर्षभर तसेच चालू ठेवले असते, तर अशा साडेतीन वाघिणी गटारात रिकाम्या झाल्या असत्या.

रबर बदलले त्या दिवशी आईने मावशींना बसवून चहा दिला आणि म्हणाली, “तुमच्यावर उगीच आळ घेतला हो मी.” मावशी हसल्या. मग त्यांनी आमच्या मुलीला विचारले, “तो रंग उरलाय का गं थोडा? आमच्या चाळीतल्या टाकीत टाकून बघते.”

करून पाहा

१. घरातल्या एखाद्या गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवा. वर्षाला किती लिटर पाणी जाते ते काढा.

२. तुमच्या टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ मोजा. पाणी एक सेंटिमीटर उतरले तर किती लिटर गेले?

३. मोठ्यांना विचारून फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटांनी पाहा.