कस्तुरीग्रंथी आणि लैंगिक संप्रेरकांचे ग्राही

कस्तुरी हे उष्ण व वृष्य द्रव्य म्हणून वैद्यवर्गास सुपरिचित आहे. भावप्रकाशकारांनी कामरूप, नेपाळ व काश्मीर या देशभेदाने तिचे तीन प्रकार वर्णिले आहेत. ती केवळ नरमृगात, तीही वयात आलेल्या नरातच का मिळते, याचे उत्तर आधुनिक शरीरक्रियाशास्त्रात सापडते. चिकित्सक व औषधनिर्माते या दोघांसही ते उपयुक्त असल्याने आम्ही हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहोत.

ग्राही म्हणजे काय?

वृषणात निर्माण होणारे टेस्टोस्टेरॉन रक्तावाटे सर्व शरीरात संचार करते. तथापि त्याचा परिणाम सर्व पेशींवर सारखा होत नाही. ज्या पेशींत त्यास धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन, म्हणजे ग्राही किंवा रिसेप्टर असते, त्या पेशी प्रतिसाद देतात. संप्रेरक ही किल्ली मानल्यास ग्राही हे कुलूप होय. शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांनी 1950च्या दशकाअखेर किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून असा ग्राही असल्याचे दाखविले. 1970 मध्ये मेरी लायन व त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांतील एका आनुवंशिक दोषाचे वर्णन केले. त्या नरांस वृषणे असतात, पण बाह्यरूप मादीचे असते; कारण त्यांच्यातील पुंसंप्रेरकाचा ग्राहीच सदोष असतो. किल्ली आहे, पण कुलूप बिघडलेले, अशी ही अवस्था होय.

पृष्ठवंशी प्राण्यांतील उदाहरणे

पुंसंप्रेरकाचा ग्राही माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत आढळतो. नर बेडकाच्या अंगठ्यावरील ग्रंथियुक्त गादी विणीच्या हंगामात फुगते. अनेक सरड्यांच्या मांडीवरील ग्रंथी वृषणे काढल्यास आक्रसतात व टेस्टोस्टेरॉन दिल्यास पुन्हा वाढतात. हॅमस्टर या कृंतकाच्या कुशीवरील ग्रंथी नरात मोठी व काळसर, तर मादीत लहान असते. मस्करॅट या प्राण्याच्या गंधग्रंथीत तर पुंसंप्रेरक व इस्ट्रोजेन या दोहोंचे ग्राही आढळले आहेत. संप्रेरक व ग्राही बहुतांशी समान असूनही प्रत्येक ग्रंथीचा स्राव मात्र भिन्न आहे. संप्रेरक केवळ आज्ञा देते. काय स्रवावे हे ग्रंथीच्या पेशी ठरवितात.

कस्तुरीग्रंथी

नरमृगाची ही ग्रंथी नाभी व शिश्न यांच्या दरम्यान असते. उन्हाळ्यात तिचा स्राव पाझरतो व पुढे कोशात परिपक्व होतो. प्रौढ नरापासून साधारण 25 ग्रॅम कस्तुरी मिळते. तिचे मुख्य गंधद्रव्य मस्कोन हे वॉल्बाउम यांनी 1906 मध्ये वेगळे केले, तर त्याची रचना रुझिच्का यांनी 1926 मध्ये उलगडली. याच रुझिच्कांनी 1935 मध्ये कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन तयार केले आणि 1939चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लैंगिक संप्रेरकांचे संशोधक बुटेनांट यांच्यासह त्यांस मिळाले. तथापि मस्कोन व टेस्टोस्टेरॉन ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत, हे विसरू नये.

व्यवहारातील बोध

कस्तुरी हे पुंसंप्रेरकाच्या आज्ञेचे फळ आहे, स्वतः पुंसंप्रेरक नव्हे. तिच्यात अल्प प्रमाणात तत्सदृश स्टेरॉइडे असतात. परंतु 'नराच्या ग्रंथीतील, म्हणून पौरुषवर्धक' हे अनुमान त्यावरून सिद्ध होत नाही. तिचे वृष्यत्व स्वतंत्र परीक्षणानेच ठरविले पाहिजे.

दुसरे असे, की फास नर-मादी ओळखत नाही. माद्या व पाडसे त्यात सापडून व्यर्थ मरतात. त्यांच्यात कस्तुरी नसतेच. चीनमध्ये 1950च्या दशकाअखेरीपासून पाळीव जिवंत नरापासून कस्तुरी काढण्याचे प्रयोग झाले, म्हणजे वध अपरिहार्य नाही. आपल्याकडे मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कस्तुरीमृगाचा समावेश असल्याने त्याची शिकार व कस्तुरीचा व्यापार हा गुन्हा आहे.

अशा स्थितीत भावप्रकाशोक्त प्रतिनिधिद्रव्य कंकोळ, किंवा लताकस्तुरी यांचा विचार करावा. कृत्रिम मस्कोन केवळ गंध देते. ते संपूर्ण कस्तुरी नव्हे. कल्पात जे घातले असेल तेच वेष्टनावर छापावे, अशी आमची औषधनिर्मात्यांस आग्रहाची विनंती आहे. रुग्णाचा विश्वास हाच आपल्या व्यवसायाचा खरा मृगमद आहे.