मनाची गोळी आणि रक्तातील प्रथिने

सोयाबीनची रास झाली आणि कापूस वेचणीला आला की मावल्याकडे तापाचेही दिवस येतात. ज्या घरात स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे छिन्नमनस्कतेचा रुग्ण क्लोझापिनची गोळी घेत असेल, त्या घराने या दिवसांत डोळ्यांत तेल घालून राहावे.

रक्तात उतरलेले औषध मोकळे फिरत नाही. अल्ब्युमिन आणि अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन ही रक्तातील प्रथिने त्याला जणू आपल्या बैलगाडीत बसवून घेतात. क्लोझापिनचे शंभरातले सुमारे ९७ भाग असे गाडीत बसलेले असतात; मेंदूत जाऊन काम करतात ते उरलेले तीनच. अंगात जंतूंचा संसर्ग झाला की दुसऱ्या प्रथिनाच्या गाड्या वाढतात, आणि त्याच वेळी औषधाची मोड करणारे यकृत मंदावते. मग रोजच्याच गोळीने रक्तातले औषध वाढते. रुग्ण गुंगतो, लाळ गळते, तोल जातो, क्वचित झटकेही येतात. घरचे म्हणतात, तापाने गळाला आहे. नेहमी तसेच असते असे नाही. अशा वेळी डॉक्टर काही दिवस मात्रा कमी करतात. पण ती त्यांनी करायची, आपण नव्हे.

याच औषधाने थोड्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. १९७५ साली फिनलंडमध्ये यामुळे रुग्ण दगावले. म्हणून तापासोबत घसा दुखू लागला तर त्याच दिवशी पेशींची तपासणी करून घ्यावी. मावल्याहून आदिलाबादचे रिम्स रुग्णालय काही लांब नाही. बिडीचेही ध्यानात ठेवावे. बिडीच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवते, म्हणून बिडी एकाएकी सुटली की औषध अंगात साठते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांच्या कानावर घालून.

आता आयाबहिणींसाठी एक गोष्ट, जी लाजेपोटी कोणी बोलत नाही. प्रोलॅक्टिन हेही रक्तात फिरणारे एक प्रथिनच. मेंदूतील डोपामिन त्याला लगाम घालते. रिस्पेरिडोनसारख्या गोळ्या डोपामिनचे काम अडवतात, तेव्हा तो लगाम सुटतो. पाळी थांबते, मूल नसतानाही स्तनांतून दूध येते. घरात लगेच कुजबुज सुरू होते. कोणी दिवस गेले म्हणते, कोणी करणी म्हणते, आणि बिचारी गोळी गुपचूप चुलीत टाकते. आजार मग पुन्हा उलटतो. आमचे सांगणे एवढेच की गर्भाची तपासणी करावी, रक्तातील प्रोलॅक्टिन मोजून घ्यावे आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. अ‍ॅरिपिप्रॅझोलसारखे हा त्रास सहसा न देणारे औषधही असते. पुरुषांनाही याच कारणाने संसारसुखात अडचण येते. तेही बहुधा गप्पच बसतात.

कोणत्या रुग्णाला कोणती गोळी लागू पडेल हे प्रथिने पाहून आधीच सांगता यावे, यासाठी शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे. पण रोजच्या उपचारात वापरावी अशी खात्रीची तपासणी अजून नाही. तिच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आज डॉक्टर गोळी देऊन काही आठवडे वाट पाहतात आणि घरच्यांना विचारतात: झोप कशी, जेवण कसे, एकटाच बोलतो का? तेव्हा हे सारे रोज वहीत टिपून ठेवावे आणि जाताना वही बरोबर न्यावी. अडीअडचणीला टेलिमानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस फुकट लागतो.