द्वारपालाची चूक

छत्रपती संभाजीनगर हे दरवाजांचे शहर म्हणून विख्यात आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून त्याने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही ताठ मानेने उभा आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराभोवती तट बांधला गेला. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे आजही शहराच्या नित्याच्या बोलण्यात आहेत. एके काळी या शहराला बावन्न दरवाजे होते, असे म्हणतात.

दरवाजा म्हटला की द्वारपाल आलाच. त्याचे काम दिसते तितके सोपे नव्हे. शत्रूचा हेर अंगावर भगवी वस्त्रे चढवून येतो, आणि खरा संन्यासीही भगव्या वस्त्रांतच येतो. हेराला आत सोडले तर नगराचा घात होतो. संन्याशाला कोठडीत घातले तर अन्याय होतो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही आपली जुनी म्हण अशाच अन्यायाची साक्ष देते.

आज अनेक घरांत, शाळांत, पेढ्यांत आणि रुग्णालयांत संगणक आहे. संगणक हेही एक लहानसे नगरच होय. त्यात हजारो प्रोग्राम ये-जा करीत असतात. त्यांतील काही दुष्ट हेतूने रचलेले असतात. ते माहिती चोरतात, बिघडवितात किंवा ओलीस ठेवून खंडणी मागतात. त्यांना अडविण्यासाठी जो पहारा बसविलेला असतो, त्यास अँटिव्हायरस म्हणतात. महाराष्ट्राला या विद्येचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे लहानसे दुकान काढले. १९९० नंतरच्या दशकात त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी विषाणू काढून टाकणारा प्रोग्राम रचला, आणि त्यातूनच ‘क्विक हील’ हा उद्योग उभा राहिला.

हा पहारेकरी चोर कसा ओळखतो? त्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत खुणेची. पूर्वी पकडलेल्या दुष्ट प्रोग्रामांच्या विशिष्ट खुणा एका यादीत नोंदविलेल्या असतात. येणाऱ्या प्रत्येक फाइलीची त्या यादीशी तुलना होते. दुसरी रीत वर्तनाची. एखादा प्रोग्राम दुसऱ्या फाइली बदलू लागला, कळफलकावर टंकलेली अक्षरे टिपू लागला, की त्याच्याविषयी संशय उत्पन्न होतो. तिसरी रीत लौकिकाची. जो प्रोग्राम लाखो संगणकांवर नांदत आहे त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. ज्याला फारसे कोणी पाहिलेले नाही त्याला वेशीवरच थांबविले जाते.

या तिन्ही रीती उपयोगाच्या आहेत, परंतु एकही निर्दोष नाही. चोराच्या गालावर तीळ आहे, म्हणून तीळ असलेला प्रत्येक जण चोर ठरत नाही. फाइली बदलणे हे विषाणूचे काम असते, तसेच ते फाइलींचा संक्षेप करणाऱ्या प्रामाणिक प्रोग्रामाचेही असते. आणि नवखेपणा हा तर मुळीच गुन्हा नव्हे. अशा प्रकारे निर्दोष प्रोग्रामास दुष्ट ठरविण्याच्या चुकीला ‘खोटा इशारा’ म्हणता येईल.

ही चूक कधी कधी केवढा अनर्थ करते, याचे उदाहरण जगाने २१ एप्रिल २०१० रोजी पाहिले. मॅकॅफी या अमेरिकन कंपनीने त्या दिवशी आपल्या ग्राहकांकडे खुणांची नवी यादी धाडली. त्या यादीतील एका चुकीमुळे विंडोज एक्सपी या प्रणालीतील ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची अत्यंत आवश्यक फाइल विषाणू म्हणून पकडली गेली. जणू पहारेकऱ्याने नगराच्या कोतवालालाच बेड्या ठोकल्या! असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद पडून चालू होऊ लागले. त्यांचा जाळ्याशी असलेला संबंध तुटला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या व्यापारी संस्थेला आपली काही दुकाने बंद ठेवावी लागली. कोणत्याही चोराने त्या दिवशी हल्ला केला नव्हता. हानी झाली ती रक्षकाच्याच हातून.

सप्टेंबर २०१२ मध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. सोफॉस या ब्रिटिश कंपनीच्या पहारेकऱ्याने स्वतःचीच यादी अद्ययावत करणारा प्रोग्राम दुष्ट ठरविला. परिणामी, काही ठिकाणी चूक सुधारणारी नवी यादी येण्याचा मार्गच बंद झाला. ज्याने दार उघडायचे, त्यानेच स्वतःला कोंडून घेतले.

मोठ्यांची चूक मोठी दिसते आणि लवकर दुरुस्तही होते. लहानांवरील अन्याय मात्र कोणाच्या कानी जात नाही. समजा, संभाजीनगरातील एका होतकरू तरुणाने गावोगावच्या किराणा दुकानदारांसाठी मराठीतून हिशेब ठेवणारा प्रोग्राम तयार केला. वर्षभर त्याने रात्रीचा दिवस केला. पहिल्या दुकानदाराने तो प्रोग्राम उघडताच पडद्यावर तांबडी सूचना झळकली, ‘सावधान! हा प्रोग्राम घातक आहे.’ दुकानदार घाबरला; त्याने चार जणांना सांगितले. तरुणाचा अपराध एवढाच की त्याला अद्याप कोणी ओळखत नव्हते. पैसा बुडाला तर पुन्हा मिळविता येतो. परंतु एकदा लागलेला कलंक धुऊन काढणे फार कठीण.

मग चूक न करणारा पहारेकरी निर्माणच का करू नये? याचे उत्तर फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्येच दिले. कोणताही प्रोग्राम समोर आला असता तो विषाणू आहे की नाही, हे दर वेळी अचूक सांगेल अशी रीत असूच शकत नाही, असे त्यांनी तर्काने सिद्ध केले. तेव्हा प्रश्न चूक पूर्णपणे टाळण्याचा नाही, ती कमी करण्याचा व वेळीच सुधारण्याचा आहे.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एका संगणकात एक लाख फाइली आहेत व त्यांत चोर एकच आहे, असे मानू. पहारेकरी त्या चोराला अचूक पकडतो. परंतु निर्दोष फाइलींच्या बाबतीत दहा हजारांत एकदा चुकतो. ही चूक किती अल्प वाटते! तरीही सुमारे दहा निर्दोष फाइली पकडल्या जातील. म्हणजे कोठडीतील अकरा जणांत एकच खरा चोर असेल. ज्या नगरात चोर थोडे आणि सज्जन फार, तेथे रक्षकाची लहानशी चूकही पुष्कळ सज्जनांना भोवते.

म्हणूनच सुज्ञ रक्षक संशयितास तत्काळ नष्ट करीत नाही. त्याला वेगळे ठेवतो. चौकशीत तो निर्दोष ठरला तर त्याला सन्मानाने परत आणता येते. नवी यादी धाडण्यापूर्वी ती असंख्य निर्दोष फाइलींवर तपासून पाहण्याची काळजी कंपन्या घेतात. प्रोग्राम रचणारेही आपल्या कृतीवर डिजिटल स्वाक्षरी करतात. त्यामुळे ती कोणाची आहे व वाटेत तिच्यात कोणी ढवळाढवळ केली काय, हे समजते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेल्या ‘व्हायरसटोटल’ या सेवेत एकाच फाइलीवर अनेक पहारेकऱ्यांचे मत घेता येते. पुष्कळांपैकी एखाद्यानेच दोष दिला, तर चूक त्याची असण्याचा संभव अधिक. तथापि तेवढ्यावरून निःशंक होणे बरे नव्हे.

वापरणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. खोटे इशारे वारंवार मिळू लागले की मनुष्य वैतागतो आणि पहाराच बंद करून टाकतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांचे शेवटी काय झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. चोरही या वैतागाचा लाभ घेतात. फुकटचा प्रोग्राम देऊ करून ते गोड शब्दांत सांगतात, ‘इशारा खोटा आहे, पहारा क्षणभर बंद करा.’ अशा वेळी थांबावे, प्रोग्राम मूळ कर्त्याकडूनच घ्यावा, जाणत्यास विचारावे, आणि चूक पहारेकऱ्याची आहे असे ठरल्यास ती त्याच्या कंपनीस कळवावी. एकाने कळविलेली चूक हजारोंचा त्रास वाचविते.

भडकल दरवाजाजवळून आज वाहने आणि माणसे निर्वेधपणे जातात. तेथे आता कोणी कोणास अडवीत नाही. परंतु द्वारपालापुढचा तो जुना प्रश्न संपलेला नाही. तो संगणकाच्या वेशीवर येऊन उभा राहिला आहे. संशय घेणे हे रक्षकाचे कर्तव्य आहे; परंतु संशय म्हणजे निर्णय नव्हे. ज्या नगरात पहारा जागा असतो आणि पहारेकऱ्याची चूकही तपासली जाते, तेच नगर खऱ्या अर्थाने सुरक्षित होय.

शब्दार्थ

निर्वेधपणे – अडथळ्याशिवाय. अनर्थ – मोठे संकट. लौकिक – समाजातील नाव. कलंक – डाग, बदनामी. सुज्ञ – शहाणा.

अभ्यास

१. चोर ओळखण्याच्या तीन रीती कोणत्या? प्रत्येकीतील उणीव सांगा.
२. ‘पहारेकऱ्याने नगराच्या कोतवालालाच बेड्या ठोकल्या’ असे का म्हटले आहे?
३. ‘संशय म्हणजे निर्णय नव्हे’ या विचाराचे शालेय जीवनातील एक उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : रात्रीचा दिवस करणे, कानी जाणे, बेड्या ठोकणे.